पिशव्या हलवण्याचा दिवस

शाळेमागच्या आमच्या रोपवाटिकेत करंज-जांभळाची रोपं काळ्या पिशव्यांत उभी आहेत. ती गावामागच्या बोडक्या डोंगरावर लावायची आहेत. पण अनुदानाच्या अर्जात अट आहे की मंजुरीआधी काम सुरू करायचं नाही. बोडक्या डोंगराचा फोटो आम्ही तीनदा पाठवला. मंजुरी काही येत नाही.

आज आमच्या महिला गटातल्या शांताकाकू पिशवी हलवता हलवता म्हणाल्या, "लावली तर अनुदान जातं, नाही लावली तर रोपं जातात. तूच अर्ज भरलास ना, सांग आता काय करू?"

मी शेजारची पिशवी उचलायला गेले तर ती सहज येईना. तळाच्या भोकातून मूळ निघून खाली मातीत शिरलं होतं. वाट बघायची सवय माणसांना लागते, मुळांना कुठली लागायला? जरा ओढल्यावर टक्‌ असा बारीक आवाज झाला आणि पिशवी हातात आली.

दर पंधरवड्याला हे करावंच लागतं. झाडं लावायला एकत्र आलेल्या आम्ही बायका, मुळांनी जमीन धरू नये म्हणून सकाळभर ती तोडत होतो.