भिंतीतलं दार

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या. अक्का म्हणायचे मी त्यांना. बातमी कुणी सांगायची वेळच आली नाही. सकाळी चहा घेऊन गेले, तर त्या पाय पोटाशी घेऊन निजलेल्या... हात लावला, गार. मी कप खाली ठेवला, घरी येऊन आधी गॅस बंद केला आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. बायका म्हणाल्या, "रडून घ्या, काकी." रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

तासगावात आम्ही दोघी एकाच घरात सुना म्हणून आलो. पुढं बेदाण्याच्या शेडवरून भाऊ भाऊ भांडले, वाटणी झाली आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. भांडण त्यांचं, अबोला मात्र आम्हीही धरला. कितीतरी वर्षं. आमच्या जैन मंदिरात शेजारी शेजारी हात जोडायचो, पण एकमेकींकडे बघायचो नाही.

दोघींचेही नवरे गेले, मुलं पुण्याला गेली. एकदा मी न्हाणीत घसरून पडले. उठता येईना. ओरडत होते, ते भिंतीपलीकडं एकट्या अक्कांनी ऐकलं. माणसं बोलावून त्यांनी माझं दार फोडायला लावलं. मी बरी होऊन हिंडूफिरू लागले, तशा त्या गवंड्याला घेऊन दारात उभ्या.

"भिंतीत दार पाडतीय. इचारत न्हाई, सांगतीय."

"आवं अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकास्नी तुझी हाक ऐकू आली न्हाई. मला आली."

नंतरची सहा वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. एकदा धीर करून विचारलं, "अक्का, इतकी वर्षं तुमी बोलला का न्हाई?"

शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "तू बोलशील म्हणून."

दिवसकार्य झाल्यावर पुतण्या म्हणाला, "काकी, ते दार बुजवून घेतो. भाडेकरू ठेवू, तुम्हालाही सोबत होईल."

"मी हाय तवर नको," म्हटलं. त्यानं वाद घातला नाही. अक्कांच्या घराला बाहेरून कुलूप लावून तो पुण्याला गेला.

त्या दुपारी मधल्या दारानं पलीकडं गेले आणि अक्कांच्या खाटेवर आडवी झाले. जाग आली तेव्हा दिवस मावळला होता. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमचा नेम. "सुमन, ऊन उतरलं गं, पान घे," अशी रोज त्यांची हाक यायची, म्हणून मी कधी घड्याळ बघितलं नव्हतं.

त्या दिवशी उपाशीच राहिले. भूकही नव्हती.