उचकी लागलेली गाडी

१५ नोव्हेंबर, शनिवार. माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचे झिजलेले स्पार्क प्लग बदलायचे, एवढंच काम होतं. घाट चढताना गाडी आचके द्यायची. पुन्हा वाटेत बंद पडली तर विकायची, असं नवऱ्याशी ठरलं होतं.

महाडच्या घरासमोर गाडी लावली, इंजीन गार होऊ दिलं आणि प्लगच्या चारही वायरी उपसून जुने प्लग काढले. नवे आधी हातानेच फिरवून बसवले, मग पान्याने आवळले. वायरी लावून गाडी सुरू केली, तर ती पहिल्यापेक्षा जास्त थरथरायला लागली. मागच्या सायलेन्सरमधून फटाक्यासारखा आवाजही आला.

पोलादपूरच्या मोठ्या नणंदबाई पायरीवर बसून बघत होत्या. "आधीची बरी व्हती गो! आता हिला उचकी लागली. भंगारवाला आठवण काढतोय वाटतं."

"वन्सं, तुम्ही चहा टाका," मी म्हटलं. इंजीनच बिघडवलं असेल तर गाडी गेलीच.

पुन्हा बॉनेट उघडलं. एक वायर ताणलेली होती, तिच्या शेजारची सैल लोंबत होती. मधल्या दोन वायरी मी उलटसुलट लावल्या होत्या. एकेक वायर काढून एकेक प्लग बदलला असता तर हे झालंच नसतं. त्या दोघींची अदलाबदल केली आणि चावी फिरवली. इंजीन एका लयीत चालू राहिलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संना पोलादपूरला सोडलं. बोगदा टाळून जुन्या रस्त्याने कशेडी घाट चढले आणि वरूनच नवऱ्याला फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.