अण्णांसाठी बिनधारेचा चाकू

खिशात ठेवायचा चाकू घ्यायला मी पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. तोवर भाजी चिरायच्या सुरीपलीकडं माझी अक्कल गेलेली नव्हती. हा चाकू हवा होता माझ्या वडिलांना, आणि त्यांच्या हाती धारेची कुठलीही वस्तू पडू देऊ नका असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं होतं.

अण्णा वैजापूरच्या मार्केट यार्डात एका कांदा व्यापाऱ्याकडं माल बघायचे. ट्रॉली आली की वर चढायचे, कोपरापर्यंत हात घालून तळातला एक कांदा काढायचे, खिशातल्या चाकूनं मधोमध चिरायचे आणि दोन्ही फाका शेतकऱ्यासमोर धरायचे. आतला सडका पापुद्रा किंवा कोंब तिथंच उघडा पडायचा. त्यांना फारसं बोलावं लागत नसे. त्याच चाकूनं ते गोणीची सुतळी उसवायचे, पेरू कापायचे, माझ्या पायातला काटा काढायचे. लग्नाला निघताना आई म्हणायची, "आज तरी तो चाकू घरी ठेवा." अण्णांना त्या वेळी नेमकं ऐकू यायचं नाही.

आई गेल्यावर मी त्यांना सिडकोत आमच्याकडं आणलं. मी शाळेत शिकवते, नवरा वाळूजच्या कारखान्यात शिफ्टमध्ये असतो, त्यामुळं दोघांपैकी एकजण घरी असतोच. मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी वार विसरले, मग आई गेलीय हे विसरले, मग अधूनमधून मलाही विसरायला लागले. चाकूला मात्र विसरले नाहीत.

एका सकाळी ते आमच्या नकळत खाली किराणा दुकानात गेले आणि बाहेर रचलेल्या गव्हाच्या गोण्यांची शिवण एकामागून एक उसवू लागले. माल बघत होते. दुकानदार ओरडला, अण्णा दचकले, चाकू मिटायला गेले आणि पातं त्यांच्याच बोटांवर मिटलं. सहा टाके पडले. मी दवाखान्यातून आले ती धुमसतच आले, आणि तो चाकू घंटागाडीत टाकून दिला. अण्णांकडून मला काय मिळालं असेल तर हा राग. माल पारखायची त्यांची नजर काही मिळाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हात खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. "माय, माझा चाकू कुठं हाय?" ते विचारायचे. हरवला, असं मी सांगायचे. ते नव्यानं ऐकायचे, नव्यानं त्यांचा चेहरा पडायचा, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तोच प्रश्न. मी त्यांच्या खिशात किल्ली ठेवली, कंगवा ठेवला, नेलकटर ठेवलं. त्यांनी एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली, दुसऱ्या कुणाची चुकून आपल्याकडं आल्यासारखी. चौथ्या दिवशी ताट सरकवून म्हणाले, "आदी चाकू बघू. मंग जेवू." त्या दिवशी जेवले नाहीत. पाचव्या दिवशीही नाही. मी रागावले, समजूत घातली, शेवटी त्यांच्यासमोर बसून रडले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, तुमचं काय हरवलं?

मग मी मोबाइलवर चाकू शोधायला बसले. समोर आली ती काळीकुट्ट, करवतीसारख्या दातांची हत्यारं, एकावर तर कवटीचं चित्र. अस्वलाशी गाठ पडायची असेल तर ठीक. नवरा मागून डोकावून म्हणाला, "हे मागव. कुरिअरवाल्याच्या आधी पोलीस येतील." मी त्याला जे बोलले ते इथं लिहीत नाही.

शेवटी शहागंजच्या जुन्या बाजारात गेले. तिथं सुऱ्या-कात्र्यांचं एक चिंचोळं दुकान आहे, गल्ल्यावर पांढऱ्या दाढीचे एक चाचा. "किसके वास्ते होना, बाजी?" त्यांनी विचारलं. वडिलांसाठी, म्हटलं. साधा, दुमडता आणि स्वस्तातला, कारण हाही कधीतरी फेकावा लागेल. हे शेवटचं मी मनातच ठेवलं.

त्यांनी पाच-सहा चाकू फडक्यावर मांडले. एक प्लास्टिकच्या मुठीचा, अगदी हलका. एक पातळ, पितळी, दिसायला देखणा. एकाला कळ होती, दाबली की पातं सटकन बाहेर येई. तो मी हातसुद्धा न लावता बाजूला सारला. हलका उचलला तसे चाचा म्हणाले, "ये नक्को. जेब में है की नईं, मालूमच नईं पड़ता. बुजुर्ग दिनभर ढूंडते रहेंगे." मी तो परत ठेवला. मग त्यांनी विचारलं, हात थरथरतो का? पकड कशी आहे? डॉक्टरांनीसुद्धा इतकं विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनी एक लाकडी मुठीचा निवडून दिला. बोटभर पातं, त्यावर नख अडकवायला खाच, उघडायला घट्ट. शंभराच्या आतला. पण हातात वजन लागत होतं.

"आता याची धार काढून द्या," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, धार लावून द्या म्हणतेय. चाकू घेऊन ते दगडाकडं वळले. मला पुन्हा सांगावं लागलं, की लावायची नाही, घालवायची आहे, कशालाही कापणार नाही असा करा. चाचांनी चाकू खाली ठेवला. "तीन पीढ़ियां से धार लगारे हम," ते हळू आवाजात म्हणाले. "निकाली नईं कभी." मी टाक्यांचं सांगितलं, विसरण्याचं सांगितलं, दोन दिवसांच्या उपाशी पोटाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चाकू कागदात गुंडाळून माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "घर में कर लो, बाजी. मेरे सामने नक्को."

घरी येऊन मी गच्चीवर गेले आणि कठड्याच्या सिमेंटवर ते पातं घासत बसले. चांगल्या वस्तूचं आपल्या हातानं वाटोळं करणं सोपं नसतं. आवाजानं दात आंबले. अंगठ्यावरून, मग दोरीवरून फिरवून पाहिलं. काही कापत नाही अशी खात्री झाल्यावर खाली नेऊन अण्णांना दिला.

त्यांनी तो तळहातावर तोलला. खाचेत नख घालून उघडला. धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि माझ्याकडं पाहिलं. "बोथट हाय," ते म्हणाले. नवीन आहे ना अण्णा, म्हटलं. त्यांनी तो मिटून खिशात टाकला, वरून एकदा चाचपला आणि भाकरी मागितली.

तीन आठवडे बरे गेले. मग एकदा लोणच्याची चिनी मातीची बरणी पुसायला म्हणून उलटी केली, तर तिच्या बुडाच्या खरबरीत कडेवर काळ्या रेघा. पोलादाच्या. कितीतरी. मी तशीच अण्णांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसून कांदा चिरत होते, आणि कांद्याची फाक आरशासारखी गुळगुळीत पडली होती.

ज्या माणसाला सदऱ्याचं बटण कुठल्या काजात जातं ते कळत नव्हतं, त्यानं बरणीच्या बुडावर रोज थोडी थोडी करून ती धार परत आणली होती. मला कौतुक वाटलं, आणि त्याच क्षणी ते सहा टाके आठवले. ते आंघोळीला गेले तसा मी चाकू काढला आणि गच्चीवर पळाले.

तिथून आमचं हे सुरू झालं. मी त्यांच्या आंघोळीच्या वेळी धार घालवायची, मी शाळेत गेले की त्यांनी ती लावायची. नवरा घरात असायचा, पण तेवढ्यापुरते ते त्याची नजर चुकवायचे. मी बरणी लपवली, तर चहाच्या कपांच्या बुडावर रेघा दिसल्या. कप वर ठेवले, तर जिन्याची शहाबादी पायरी काळी झाली. पायरी मी कुठं लपवणार? चाकू काढून घ्यावा तर ते उपाशी राहतील, राहू द्यावा तर एक दिवस रक्त निघेल. दोन्हींत हात माझाच असणार होता. कुणाला विचारावं तेही सुचेना. मी हात टेकले, आणि तरी रोज गच्चीवर जात राहिले, कारण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं.

परवा रविवारी सकाळी मी ओट्यावर डाळ निवडत होते. अण्णा दारात आले. "ओ ताई," त्यांनी हाक मारली. ते मला माय म्हणतात, म्हणजे आज मी त्यांची कुणी नव्हते. त्यांनी खिशातून चाकू काढला आणि मूठ माझ्याकडं करून पुढं धरला.

"हे जरा तुमच्यापाशी ठेवा."

का, म्हणून मी विचारलं.

"माझी लेक याची धार घालवती. मी न्हाया गेलो की," ते दबक्या आवाजात म्हणाले. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"मग रागवा की तिला."

"नाय, नाय. तिला काय बोलू नका. मला लागंल म्हणून भेती ती. लई दिवस झालं, घालवती, मी लावतो." ते थांबले, मागं वळून घरात कुणी ऐकत नाही ना ते बघून घेतलं. "पण काल तिच्या बोटाला पट्टी व्हती. घालवता घालवता कापून घेतलं आसंल. आज धार लई हाय ह्याला. तिच्या हाती लागू देऊ नका."

मी पट्टीचं बोट मुठीत मिटून पदराआड घेतलं आणि दुसऱ्या हातानं चाकू घेतला. "नाही लागू देत," मी म्हणाले.