भवानी पेठेची बोट

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. अंबादासच्या मागाच्या शेडमध्ये सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात कापसाची पिंज साचलेली असतेच, तसे हे साचले. आता आम्ही चौघं जमलो की कुणी ना कुणी म्हणतो, "सर, ते पाण्याचं सांगा की," आणि मग चहा गार होतो. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं, माझा घसा तरी वाचेल.

चौघं म्हणजे कोण, तर पहिला अंबादास. सोलापूरच्या भवानी पेठेत टॉवेलचा छोटा कारखाना, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी. दुसरे कांबळे, पालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. तिसरा इरण्णा, मूळचा अक्कलकोटकडचा. श्रीपूरला साखर कारखान्यात ऊस मोजायच्या काट्यावर त्यानं नोकरी केली. आणि चौथा मी, हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. समुद्र मी शिकवला पुष्कळ, पाहिला एकदाच. तोही शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा सगळा वेळ पोरं मोजण्यात गेला.

आता आमच्यासारख्यांचा बोटीशी संबंध काय? संबंध पद्माचा. अंबादासची एकुलती एक पोरगी मर्चंट नेव्हीत कॅडेट झाली. पहिलंच जहाज, मालवाहू, मुंबईहून निघून आफ्रिकेच्या बंदराबंदरांत थांबत केप टाऊनला जाणारं. अंबादासचं खाणंपिणं सुटलं. "आमच्या घरात कुनी विहिरीत उडी मारली न्हाई सर," म्हणायचा, "आन् ही समुद्रात निघाली."

पोरगी हुशार. जाण्याआधी तिनं बापाच्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून दिला. शिडाची बोट चालवायचा. त्यातला वारा, लाटा, वादळ सगळं त्या घडीला खऱ्या समुद्रावर असेल तेच. लॅपटॉप बंद केला तरी बोट आपली चालतच राहते, थेट महिनाभर. "नाना, माझ्याच रस्त्यानं या," ती बापाला म्हणाली. "मी कसल्या हवेत आहे ते तुम्हाला घरबसल्या कळेल." मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "सर, यांना एकटं सोडू नका."

झालं. भूगोलवाला म्हणून मी कॅप्टन झालो.

* * *

मुंबईहून निघायचं मी वारा बघून ठरवलं होतं. नकाशे पाहिले, पट्टी लावली, सकाळी वारा चांगला होता तेव्हा निघायचं पक्कं केलं. तर वहिनी, म्हणजे अंबादासची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "राहुकाळ आहे. पोरीचं जहाज पण राहुकाळ सोडून निघालं, मीच सांगितलं होतं तिला."

जहाजाचा कॅप्टन वहिनींना विचारून निघाला असेल असं मला वाटत नाही, पण वाद कोण घालणार? राहुकाळ संपला. नारळ फोडला. लॅपटॉपला हळद-कुंकू लागलं, तेवढ्यात एंटरचं बटण चिकट झालं. मुहूर्तावर शिडं उभारली आणि वारा पडला.

दिवसभर बोट मुंबईसमोर जागच्या जागी. इरण्णा दर चहाला येऊन बघायचा आणि म्हणायचा, "मुहूर्त लई चांगला लागला सर. अपघात व्हायचा चान्सच नाही."

* * *

आता पाण्याचं. निघायच्या आधी बोटीत सामान भरायचं असतं. किती धान्य, किती पाणी, ते आपण सांगायचं. वजन जास्त झालं की बोट हळू चालते. हे खातं साहजिकच कांबळ्यांकडं गेलं.

मी म्हटलं, "कांबळे, गरजेपुरतंच पाणी घ्या."

"टाकी फुल्ल केलीय सर."

"अहो, बोट जड होईल!"

कांबळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच वर्गात चुकीचं उत्तर दिलंय. "सर, पाणी आलंय तर भरून घ्यायचं. परत कधी येईल, कुनाला सांगता येतंय का?"

रोज नळाला पाणी येणाऱ्या गावच्या माणसाला यात हसू येईल. आम्हाला कुणालाच आलं नाही. उलट इरण्णानं विचारलं, "एवढंच बसतंय का? कॅन, बॅरल काय नाही का ह्याच्यात?" शोधल्यावर जादा कॅन सापडले. तेही भरले.

त्या खेळात जगभरची माणसं असतात. आमच्या मागून निघालेल्या बोटी एकेक करून पुढं गेल्या. एका पोर्तुगीज माणसानं जाता जाता इंग्रजीत निरोप टाकला, "तुमची बोट फार खाली गेलेली दिसते. बुडते आहे का? मदत हवी का?"

कांबळ्यांनी एका बोटानं उत्तर टाईप केलं, "नो. फुल टँक." वर नमस्काराचा हात पाठवला.

* * *

रोज लॉग लिहायचा असतो. आज कुठं आहोत, वारा कसा, काय घडलं. आम्ही पाळ्या लावल्या होत्या. मी सविस्तर लिहायचो, अक्षांश-रेखांश, ढग, प्रवाह. ते कुणी वाचायचं नाही.

इरण्णाचा लॉग काट्यावरचा. "बोट आली. बघितली. बोट गेली." एकदा मी म्हटलं, अरे जरा वर्णन कर. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "सगळीकडे पाणी. उद्या पण पाणीच दिसतंय."

कांबळ्यांची नोकरीची सवय अजून सुटलेली नाही. एक दिवस वारा पडला, तर त्यांचा लॉग असा: "तांत्रिक कारणामुळे आज वारा कमी दाबाने व उशिरा येईल. नागरिकांनी सहकार्य करावे."

अंबादासच्या पाळीला एकच ओळ असायची. पद्माचं जहाज कुठं पोचलं आणि ती काय जेवली. आमची बोट कुठं आहे याचा त्यात पत्ता नसायचा. पण ती ओळ मात्र आम्ही सगळे सकाळी आल्या आल्या वाचायचो.

* * *

इरण्णाचा गुरुवार म्हणजे अक्कलकोट. पाळी असली तरी जाणार. "मोबाईलवर बघतो की सर, तितं नेट फुल्ल हाय," म्हणाला आणि गेला.

दर्शनाच्या रांगेत हा बोट चालवतोय. मागं एक म्हातारी उभी. तिनं मोबाईलमध्ये डोकावून कानडीत विचारलं, कुठं चाललास बाबा? यानं सांगितलं, आफ्रिकेला. म्हातारीनं हनुवटीला हात लावला. "अष्टु दूर? ऊटा माडकोंड होगप्पा," म्हणाली. एवढं लांब? जेवून जा रे बाबा.

इरण्णा मोठ्यांचा शब्द मोडत नाही. दर्शन झाल्यावर महाप्रसादाला बसला आणि जेवून झाडाखाली जरा आडवा झाला. तोवर तिकडं वारा फिरला. बोटीला वाऱ्याबरोबर वळायचं लावून ठेवलं होतं, त्यामुळं तीही फिरली. संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला तर आमची बोट निवांत मुंबईकडं परत निघालेली.

मी फोनवर त्याला फाडफाड बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पर तुमी जेवलाव का?"

* * *

विषुववृत्त ओलांडताना जहाजावर मोठा सोहळा असतो म्हणे. पद्मानं फोटो पाठवला होता, तोंडाला कसला तरी रंग फासलेला, हसत होती. ते बघून अंबादास म्हणाला, आपणही काहीतरी करायचं.

काय केलं, तर बोट विषुववृत्तावर आली तसा त्यानं मागच्या शेडमध्ये जाऊन सगळे माग बंद केले. आता ज्यांनी मागाचा आवाज जन्मभर ऐकलाय त्यांना विचारा, तो दिवसाउजेडी अचानक थांबला की काय वाटतं. कामगार धावत बाहेर आले. शेजारच्या कारखान्यातलेही आले. एकानं तर डोक्यावरची टोपीसुद्धा काढली.

"कोन गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

"कुनी न्हाई," अंबादास म्हणाला, "विषुववृत्त गेलं."

त्यानं टोपी परत घातली आणि सगळ्यांना पेढे मिळाले.

* * *

जहाज आमच्यापेक्षा कितीतरी वेगानं जायचं, पण दर बंदरात माल उतरवत बसायचं. तेवढ्यात आम्ही गाठायचो. असं करत करत मादागास्करपर्यंत आलो. तिथं पद्माचा मेसेज आला, "माल उतरला. आता केप टाऊनला निघतोय." त्यानंतर काहीच आलं नाही.

एक दिवस गेला, दोन गेले. फोन लागेना. आणि लॅपटॉपवर मादागास्करच्या खाली लालभडक भोवरा दिसायला लागला. वादळ. खेळातलं म्हणजे खरंच.

अंबादासनं कंपनीच्या ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, जहाजाचं इंटरनेट बिघडलंय, बाकी सगळं नॉर्मल आहे. "नॉर्मल आसतंय तर इंटरनेट कशाला बिघडलं?" तो आम्हाला विचारायला लागला. जहाज कुठं आहे ते दाखवणारं एक ॲप होतं. त्यावर तिच्या जहाजाचा ठिपका मादागास्करच्या किनाऱ्याला चिकटून बसलेला, हलायचं नाव नाही. "फुकटचं ॲप हाय," इरण्णा म्हणाला. "ठिपका अडकला." ते सगळ्यांनाच पटलं. मग मी पट्टी घेऊन हिशेब केला. जहाजाचा वेग, निघाल्याची वेळ. पट्टी बरोबर भोवऱ्याच्या मधोमध पडली. मी ती लगेच उचलली, पण अंबादासनं बघितलं होतं.

आमची बोटही त्याच दिशेनं चाललेली. कॅप्टन म्हणून मी सांगितलं, "बोट फिरवा. बंदरात घ्या. वादळ गेलं की निघू."

"न्हाई," अंबादास म्हणाला.

"अरे, शीड फाटेल, डोलकाठी मोडेल. कुठलाही शहाणा माणूस असल्या हवेत बंदरातच थांबतो."

"पोरगी तितं वादळात, आन् मी बंदरात चा पीत बसू?"

कांबळ्यांनी माझ्या हाताला धरून मला खाली बसवलं. अंबादासनं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बोट सरळ त्या लाल भोवऱ्यात घातली. दिवसभर तो उठला नाही. वहिनी शेजारी बसून होत्या. शिडं कमी कर, सुकाणू धर, पुन्हा शिडं कमी कर. लाटेवर बोट आडवी व्हायची तेव्हा वहिनी त्याच्या दंडाला धरायच्या. मागं माग चालू होते. मला खेळ वगैरे काही वाटेनासं झालं होतं. माझ्या हातून शिकून गेलेली ती पोरगी, आणि मला नुसती भीती वाटत होती.

उन्हं उतरायच्या वेळेला डोलकाठी मोडली. पडद्यावर तशी पाटी आली. अंबादास त्या पाटीकडं बघत राहिला, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. अनोळखी, परदेशातला नंबर. अंबादास नुसता नंबर बघत बसला, तेव्हा कांबळ्यांनीच फोन घेऊन स्पीकरवर टाकला.

"नाना?" पद्मा.

अंबादास फोनजवळ वाकला. म्हणाला, "तिन्नावा अम्मा?" जेवलीस का गं?

"जेवले की. काय झालं? आवाज असा का येतोय तुमचा?"

वहिनी टॉवेलच्या गठ्ठ्यावर मटकन बसल्या. कांबळ्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. इरण्णानं दारातूनच अक्कलकोटच्या दिशेनं हात जोडले. आणि माझं सांगायचं तर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली.

"वादळात लई हाल झाले का गं?" अंबादासनं विचारलं.

"कुठल्या वादळात? आम्ही निघालोच नाही. कॅप्टन म्हणाले, पुढं हवा खराब आहे, उगाच कशाला जायचं. तेव्हापासून इथंच मादागास्करला धक्क्याला बांधून आहोत. जहाजाचं नेट बिघडलं होतं, आज बाहेर सोडलं तेव्हा सिम घेतलं. बाकी मजेत. दुपारची झोप पण होते."

"म्हंजी ठिपका बरोबर होता," इरण्णा पुटपुटला.

"आणि नाना, तुमची बोट कुठंय?"

आम्ही सगळे एकदम टॉवेलांकडं बघायला लागलो.

"हाय की," अंबादास म्हणाला. "जरा काम निघालंय तिचं."

मग वहिनी बोलल्या, आम्ही बोललो, फोन ठेवला. अंबादासनं एक कोरा टॉवेल ओढून तोंड पुसलं, नाक पुसलं. मग वळून माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"बगा सर," तो म्हणाला, "ह्याला म्हंतात कॅप्टन. वादळ दिसलं, गप बंदरात थांबला!"