खालच्या आजींचा पाहुणचार

दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला 'या, बसा' म्हणण्याआधी 'जाणार कधी?' असं विचारणारी आणि तरीही पुणेकर नसलेली अशी पृथ्वीच्या पाठीवर एकच बाई मला माहीत आहे. या बाई आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात, म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव 'खालच्या आजी'. मूळच्या व्हिएतनामच्या, सायगॉनजवळच्या कुठल्याशा गावच्या. तिथली लढाई संपून काही वर्षं झाल्यावर लहानग्या मुलाला पोटाशी धरून त्या एका होडीतून निघाल्या. भर समुद्रात एका मालवाहू जहाजाने त्यांना उचललं, आणि जिथे उतरवलं तो देश जपान निघाला. योकोहामाच्या कडेला असलेल्या आमच्या या बिनलिफ्टच्या जुन्या वसाहतीत त्या तेव्हापासून आहेत. इतकी वर्षं राहूनही त्यांचं जपानी माझ्याइतकंच मोडकं आहे. त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींचं उत्तम समजतं. मध्येच एखादा खरा जपानी माणूस बोलला तरच घोटाळा होतो.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा मी त्यांना हौसेने खाली घेऊन गेले. हातात बेसनाचे लाडू होते. आजींनी दार उघडलं, सासूबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "जाणार कधी?" मी भाषांतर करताना 'किती दिवस मुक्काम आहे, विचारताहेत' असा गूळ घातला. पण सासूबाईंचा अख्खा संसार सदाशिव पेठेत झालेला, हा प्रश्न त्यांना कुठल्याही भाषेत कळतो. त्यानंतर आजींनी आम्हाला आत घेतलं आणि इतकं खायला घातलं, की सासूबाईंना त्या रात्री नुसत्या ताकावर झोपावं लागलं. जिना चढताना त्या धापा टाकत म्हणाल्या, "आपण हा प्रश्न पोटात ठेवतो आणि चहा अर्धा कप देतो. हिचं सगळंच उलटं आहे."

या प्रश्नामागचं कारण मी एकदा आजींनाच विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या आजोबांच्या काळात फ्रेंच होते, आम्हाला शिकवायला आलेले. मध्येच जपानी आले, आम्हाला सोडवायला. मग परत फ्रेंच आले. मग अमेरिकन आले, आम्हाला वाचवायला. मग उत्तरेचे आले, पुन्हा सोडवायला. सगळे मदतीलाच आले होते. त्यांना दारात कुणी विचारलं नाही, जाणार कधी. म्हणून मी विचारते." त्यांच्या घरात प्रत्येक पिढीने आलेल्या पाहुण्याची भाषा शिकून घेतली. आजोबांनी फ्रेंच, नवऱ्याने इंग्रजी, मुलाने जपानी. "आणि पाहुणे काय शिकले?" मी विचारलं. "भात कुठे ठेवलाय ते," आजी म्हणाल्या आणि जुडी माझ्याकडे सरकवली.

एकदा उंबरठा ओलांडला की मात्र पाहुण्याची सुटका नसते. त्यांच्याकडे भाताचे तीन-चार विजेचे कुकर आहेत, सगळे कुणीतरी कचऱ्यात टाकलेले आणि यांनी उचलून दुरुस्त करून घेतलेले. त्यातला एक कायम गरम असतो. पार्सल घेऊन येणाऱ्या माणसाला इथे कामावर असताना कुणाच्या घरचं पाणीही घेता येत नाही म्हणे. आजींना हा नियम मान्य नाही. त्या सहीचा शिक्का मुठीत धरून उभ्या राहतात आणि त्याने वाटीभर भात खाल्ल्याशिवाय पावतीवर उमटवत नाहीत. तो बिचारा जिन्यात उभ्याउभ्या, इकडेतिकडे बघत, चोरी केल्यासारखा जेवतो. गॅसचं मीटर बघायला येणारी बाई आता येताना डबाच आणत नाही. मी शाकाहारी आहे हे त्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांनी मोठ्या मनाने ते मान्य केलं आणि माझ्या टोफूवर मासळीचं ते त्यांचं खारं सार ओतलं. "हा मासा नाही," त्या म्हणाल्या, "माशाचं पाणी आहे." त्यानंतर मी चौकशी करणं सोडलं. सासूबाईंना हे सांगायची वेळ अजून आलेली नाही.

आमची मैत्री मुळात जमली तीही या पाण्यामुळेच. आम्ही राहायला आलो त्या वर्षी वसाहतीच्या समितीने जिन्यात एक अतिशय विनम्र सूचना लावली होती, की काही घरांतून अपरिचित वास येत असल्याने रहिवाशांनी कृपया खिडक्यांचा विचार करावा. मी मनात म्हटलं, बरं झालं, खालच्या माशाच्या पाण्याबद्दल कुणीतरी बोललं. आजींनी मनात म्हटलं, बरं झालं, वरच्या हिंगाबद्दल कुणीतरी बोललं. दोघी एकमेकींची समजूत घालायला एकाच वेळी निघालो आणि जिन्याच्या मध्यावर भेटलो. सूचना कुणाबद्दल होती ते आजवर कळलेलं नाही, पण त्या दिवसापासून आम्ही एका पक्षात आहोत. नंतर समितीच्या फुलांच्या वाफ्यात आजींनी गुपचूप गवती चहा लावला. समितीने गवत समजून तो कापला, तेव्हा त्यांच्या बैठकीत आजींच्या बाजूने मी बोलायला उभी राहिले होते. बोलले काय ते मलाही कळलं नाही. पण आता त्या वाफ्यात, अझेलियाच्या झुडपांशेजारी, एक रीतसर पाटी आहे: 'हे गवत नाही.'

आजींच्या घरात थट्टा चालत नाही अशी एकच जागा होती, ती म्हणजे टीव्हीचं कपाट. भिंतीवर पितरांचा देव्हारा आहे, त्यात आई-वडिलांचे फोटो, फळं, उदबत्ती. आजोबांचा, म्हणजे आजींच्या नवऱ्याचा, फोटो मात्र देव्हाऱ्यात नव्हता, तो टीव्हीशेजारी होता. ते दक्षिणेच्या सैन्यात होते. लढाई संपल्यावर उत्तरेच्या नव्या सरकारने हरलेल्या सैनिकांना नवे विचार शिकवायच्या छावण्या काढल्या, त्या शिकवणीला त्यांना बोलावलं, थोड्या दिवसांचे कपडे आणि तांदूळ बरोबर आणा म्हणून. ते पिशवी घेऊन गेले ते गेलेच. कुठे गेले, काय झालं, कुणी कळवलं नाही. मुलाने मोठा झाल्यावर किती वेळा सांगितलं, की आई, आता एक दिवस ठरवू, त्यांचं श्राद्ध घालू. त्यांच्यात ते फार महत्त्वाचं असतं, माणूस गेला त्या दिवशी दरवर्षी त्याला जेवण दाखवायचं. आजी म्हणायच्या, "देव्हाऱ्यात मेलेली माणसं असतात. जिवंत माणसं टीव्ही बघतात."

हे सगळं मला ठाऊक असून मी जो मूर्खपणा केला, तो आपल्याच माणसांच्या हातून होऊ शकतो. दुसऱ्या खेपेला इकडे आलेल्या सासूबाईंना आजोबांची गोष्ट सांगितली, तशा त्या कळवळल्या. म्हणाल्या, "अगं, तिथी माहीत नसली म्हणून काय झालं? सर्वपित्रीला घालायचं. आपल्याकडे सोय आहे. सांग त्यांना." मीही परोपकाराच्या भरात खाली जाऊन सांगितलं. आता 'सर्वपित्री अमावास्या' माझ्या जपानीत कुठून येणार? मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्या मेलेल्या माणसांचा मिळून एक दिवस असतो, त्यात तुमचेही बसतील. आजींनी हातातला कप खाली ठेवला. "तो मेला असं तुला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस खालून ना कोथिंबीर आली, ना गवती चहा. एकदा सासूबाई स्वतःच लाडू घेऊन गेल्या, भाषा येत नसताना तासभर बसल्या आणि सगळं मिटवून आल्या. काय बोललात विचारलं तर म्हणाल्या, "मी माझ्या ह्यांचा फोटो दाखवला. तिने तिच्या ह्यांचा दाखवला. बोलायचं काय त्यात?"

आणि अशा या घरात नातीने उत्तरेचा मुलगा आणला. नात, लान, आजींपाशीच राहते. मुलगा-सून दुसऱ्या गावी असतात. लान वृद्धाश्रमात काम करते, बोलते जपानी आणि चिडते व्हिएतनामीत. मुलाचं नाव तुआन, हनोईचा, इथे कारखान्यात वेल्डिंग करतो. लान त्याला जेवायला बोलावणार होती आणि आजींचा होकार मिळाला तरच लग्न करणार होती, कारण होडीतून मुलाला आणलेल्या बाईचा शब्द तिच्या घरात कुणी मोडत नाही. आजींनी आधीच सांगून टाकलं होतं, "त्या बाजूची पोरं एकदा आमच्या दारात ते बोलावणं घेऊन आली होती. तुझे आजोबा गेले ते तेव्हाच." लान माझ्याकडे येऊन रडली आणि म्हणाली, तुम्ही त्या दिवशी खाली या, परक्या माणसासमोर आजी जरा सांभाळून बोलते. मी परकी आहे हे ऐकून मला वाईट वाटलं, पण गेले.

आजी सांभाळून अजिबात बोलल्या नाहीत. तुआन दारात वाकला, त्यावर नेहमीचा प्रश्न आला. तो गोंधळून म्हणाला, "नऊच्या गाडीने." मग आजींनी जाहीर केलं, की याची उत्तरेची बोली आपल्याला कळत नाही, याला जपानीत बोलायला सांगा. झालं. एका व्हिएतनामी घरात दोन व्हिएतनामी माणसं समोरासमोर बसून मोडक्या जपानीत बोलत होती आणि लान कपाळाला हात लावून बघत होती. आजींनी फो वाढला. फो म्हणजे त्यांचा तांदळाच्या शेवयांचा रस्सा. दक्षिणेत त्यात जरा साखर, मूठभर पाला आणि मोड आलेले मूग घालतात. उत्तरेत हे सगळं पाप समजतात. तुआन पोरगा प्रामाणिक. आजींनी कसा झालाय विचारलं, तर म्हणाला, "छान आहे. थोडा गोड आहे." मुलगी बघायला आलेल्या मुलाने आमटीत गूळ जास्त झालाय म्हणावं, तसं झालं. मी माझ्या टोफूत तोंड घातलं.

आजींनी चॉपस्टिक्स आडव्या ठेवल्या आणि शेवटचा बाण काढला. "तुझ्या घरी देव्हाऱ्यात कोण आहे?" तुआन म्हणाला, "आजोबा." "कसे गेले?" "दक्षिणेत लढायला गेले होते. परत आले नाहीत. कुठे पडले ते माहीत नाही." आजी म्हणाल्या, "मग दिवस कुठला पाळता?" "ते घरातून निघाले तो. त्या सकाळी ते घरचं शेवटचं जेवले होते." आजींचा आवाज चढला, "तुझ्या आजीने एवढ्यात वाट बघणं सोडून दिलं?" तुआनला उत्तर द्यायचं होतं, पण त्याचं जपानी तिथे संपलं. तो आपल्या बोलीत हळूहळू काहीतरी म्हणाला. लानने माझ्या कानात सांगितलं, "त्याची आजी म्हणायची, मी वाट बघणं सोडलं नाही. त्यांना उपाशी ठेवणं फक्त सोडलं."

उत्तरेची बोली न कळणाऱ्या आजी उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ बराच वेळ चालू होता. जिच्या दारातून पार्सलवालाही उपाशी जात नाही, त्या बाईला हे वाक्य कुठे लागलं असेल ते मला कळलं आणि मला तिथे बसवेना. पण उठवतही नव्हतं. आजी बाहेर आल्या त्या रस्सा भरलेला डाव घेऊन, आणि तुआनच्या वाडग्यात न विचारता ओतत त्याला जपानीत नव्हे, त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या. लानचा चेहरा बघूनच अर्थ समजला, तरी तिने सांगितला: लग्नात फो तू कर, पण पाला मी आणणार.

मग एक दिवस खालून आम्हाला जेवणाचं बोलावणं आलं. आजोबा पिशवी घेऊन निघाले तो दिवस आजींना ठरवावा लागला नाही, तो त्या कधी विसरल्याच नव्हत्या. मी सासूबाईंना फोनवर सांगितलं. "मी म्हणत होतेच," त्या म्हणाल्या, आणि मग, "माझा नमस्कार सांग त्यांना." त्यांना म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही. फोटो देव्हाऱ्यात आला होता. उदबत्तीच्या धुराने आगीची घंटा वाजू नये म्हणून तुआनने छताला लावलेल्या यंत्राला प्लास्टिकची टोपी घातली होती आणि आजी त्याला खालून सूचना देत होत्या, त्याच्याच बोलीत, त्याची नक्कल करत.

फोटोतला माणूस तुआनच्याच वयाचा होता, केस नीट विंचरलेला, हसू दाबून धरलेला. समोर पंचाहत्तरीच्या घरातल्या आजी. त्यांनी वाटीत भात वाढला, माशाचा तुकडा काटे काढून वर ठेवला, चॉपस्टिक्स सरळ केल्या आणि फोटोकडे बघून हलक्या आवाजात बोलल्या. त्यांच्या भाषेत नवऱ्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण ते 'अहो' होतं, हे मी शपथेवर सांगेन. नातवाच्या वयाच्या त्या पोराला त्या 'अहो' म्हणत होत्या. मला रडू आलं, ते मी पुसलंही नाही. "काय म्हणाल्या?" मी लानला विचारलं. "गरम आहे म्हणते," लान म्हणाली, "सावकाश जेवा म्हणते."

उदबत्ती विझेपर्यंत बाकीच्यांनी जेवायचं नसतं, त्यांचं आधी व्हावं लागतं. आम्ही सगळे बसून राहिलो. आजी मात्र देव्हाऱ्याशेजारी उभ्याच होत्या, काही हवं-नको बघायला.