चाकामागचा दगड

आमच्या शेजारचे रसायनाचे सर वर्षभर बारामतीच्या कॉलेजातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरात साखरेचा पाक करत होते. पाकात पहिला दाणा कसा धरतो, ते पडद्यावर पाहायचं होतं. पण जमलेले रेणू दर वेळी विस्कटायचे. नुसती वाट पाहिली असती, तर उजनीचं धरण दहादा आटून भरलं असतं. दाणा धरेपर्यंत सर चहाही बिनसाखरेचा प्यायचे.

"सर, तुमच्या पाकाला मुंगीबी लागंना!" मी डिवचायचो.

एकदा मी नि सर निघालो होतो, तेव्हा माळेगावच्या चढावर उसाची बैलगाडी चढत होती. हातभर चढली, की गाडीवान चाकामागं दगड लावायचा. सर किंचाळले, "हेच करायचं! रेणू जमतील तेवढे राखायचे, पुन्हा तिथूनच सुरू!"

आठवड्यात दाणा धरला. सरांनी गल्लीभर साखर वाटली.

मी विचारलं, "मुलगा का मुलगी?"

"दाणा!" म्हणाले, आणि चहात सहा चमचे साखर ओतली.