तारप्याकडे पाठ

ओल्या गेरूचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. तलासरीकडच्या एका पाड्यात पुढारी येणार होता, नव्या रेल्वेसाठी जमीन द्या म्हणून सांगायला. त्या सकाळी समाजमंदिराच्या गेरूच्या भिंतीवर कुणीतरी तांदळाच्या पिठाने तारपा नाचाचा गोल काढून गेलं होतं. मधे दुधीचा लांब तारपा फुंकणाऱ्याच्या जागी माइकवाला माणूस, आणि नाचणाऱ्या बायकांचे अंबाडे आत, तोंडं बाहेर. बाहेरगावच्या ग्रामसेवकाला ती स्वागताची सजावट वाटली. त्याने तिथेच पुढाऱ्याला हार घालून फोटो काढला. पुढारी मात्र इथलाच, लहानपणापासून नाचलेला. तारप्याला कुणी पाठ दाखवत नाही, हे त्याला ठाऊक. फोटो बघताच भडकला, "कोणी काढलं? नाव सांगा, नाहीतर पोलीस बोलावतो!" बायका हसल्या. एक म्हणाली, "आम्हा सगळ्याजणींना काढता येतं, भाऊ. गाडीत मावू का?" मग त्याने त्यांच्याच हातात ओल्या गेरूचे डबे देऊन ते चित्र पुसायला लावलं. निर्लज्जपणाची हद्द! आता तिथे कंत्राटदाराचं सरकारी वारली चित्र आहे, सगळे आत तोंड करून खुशीत नाचतात. जमीन मोजायला माणसं आली की पाडा मात्र अजूनही पाठ फिरवून उभा राहतो.